शिट्टी वाजायच्या आत बाहेर : अग्निशमन दलात निवड झालेल्या एका मुलाला उत्तर

प्रश्न कराडजवळच्या एका मुलाचा आहे. वय २२. एका महापालिकेच्या अग्निशमन दलात अग्निशामक म्हणून निवड झाली आहे आणि पुढच्या महिन्यात सहा महिन्यांचं प्रशिक्षण सुरू होतंय. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. सहा महिन्यांत नेमकं काय शिकवतात? अग्निशमन केंद्रात गेल्यावर सीनियर लोक फार रगडतात असं ऐकलंय, ते खरं का? आणि आगीची भीती कधी जाते का? आई रोज डोळ्यांत पाणी आणते, असंही शेवटी लिहिलंय.

आधी मनापासून अभिनंदन. मी या खात्यात २९ वर्षं काढली. अग्निशामक म्हणून लागलो, पुढे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात सब-ऑफिसरचा कोर्स केला, आणि शेवटची नऊ वर्षं तुझ्यासारख्या मुलांना शिकवण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. सवडीने वाच.

मैदानी चाचणी पार करून आलेला मुलगा धाडसी असतोच. ते आम्हाला शिकवावं लागत नाही. सहा महिने जातात ते त्याच्या हातांना, कानांना आणि श्वासाला वळण लावण्यात. आणि सगळ्यात जास्त कष्ट पडतात ते त्याला मागे फिरायला शिकवताना. माझ्या दृष्टीने या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे. बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं.

पहिला महिना तुला वाटेल, आपण आग विझवायला आलोय की कवायत करायला? पहाटे पीटी, मग स्क्वॉड ड्रिल, मग होज ड्रिल, शिडी, दोर, गाठी. होज म्हणजे पाण्याचा लांब पाइप. तो पसरायचा, जोडायचा, सोडायचा, खांद्यावरून पुढे सरकवत आतलं पाणी काढायचं, गुंडाळायचा, पुन्हा पसरायचा. माझ्या प्रशिक्षकांनी एका दुपारी आम्हाला तोच होज अकरा वेळा गुंडाळायला लावला होता. तेव्हा मनातल्या मनात खूप बोललो त्यांना. कारण पुढे कळलं. होजच्या एका टोकाला मेल कपलिंग असतं, दुसऱ्या टोकाला फिमेल. मेल पंपाकडे, फिमेल आगीकडे. रात्री अडीच वाजता, पावसात, लोक ओरडत असताना उलटं टोक हातात आलं तर ३० मीटर होज फिरवून आणावा लागतो, आणि तेवढ्यात आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. गुंडाळी नीट असेल तर हात आपोआप योग्य टोकावर पडतो.

त्या कपलिंगचं अजून एक सांगतो. मेल आत गेलं की फिमेलच्या दोन्ही बाजूंचे खटके बसतात. एक ‘टक्’ ऐकू आला म्हणजे काम झालं असं नसतं. एकच खटका बसलेला होज दिसायला जोडलेलाच दिसतो. पंपावरून दाब आला की सुटतो आणि ते पितळेचं टोक सापासारखं फटकारतं. म्हणून जोडल्यावर एकदा मागे ओढून बघायचं. दरवेळी. ड्रिलमध्येसुद्धा. माझ्या हाताखालची मुलं मला कंटाळायची ती याच गोष्टीसाठी.

ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाला लावायची पाणी मारायची नळी, धरतानाचं गणित पाठ करून ठेव. २० मिलिमीटरचं नॉझल आणि तिथे ५ बार (बार हे दाबाचं माप) दाब असेल तर पाणी मिनिटाला सुमारे ६०० लिटर जातं, आणि ब्रांच तुला मागे रेटते साधारण ३२ किलोच्या जोराने. म्हणून मागे दुसरा माणूस लागतो, आणि म्हणूनच एकट्याने ब्रांच घेऊन पुढे पळायचं नसतं. दुसरी बाजू अशी की ६०० लिटर म्हणजे ६०० किलो. जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं पाणी मारलंस तर सहा टन पाणी वर गेलं. काही खाली वाहून येतं, पण कापडाच्या गठ्ठ्यांनी, गाद्यांनी, पुठ्ठ्याने प्यायलेलं पाणी तिथेच बसतं, आणि खाली लाकडाची तुळई आधीच जळत असते. पाणी फुकट नसतं, त्याला वजन असतं. हे डोक्यात ठेवून वर जाणारा आणि न ठेवता जाणारा यांच्यात मोठा फरक पडतो.

आता श्वसन उपकरण, आमच्या बोलीत बी.ए. सेट. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेतो.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं बहुतेकांना वाटतं. नसतो. साधी हवा असते, दाबून भरलेली. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला जवळपास १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ती ४५ मिनिटं पुरते असं कागदावर लिहिलेलं असतं. पण पाठीवर सेट, अंगात जाड सूट, हातात होज आणि पुढे जिना, अशा वेळी माणूस मिनिटाला १०० लिटरपर्यंतही हवा ओढतो. मग राहिली १८ मिनिटं. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची शिट्टी वाजायला लागते. तेव्हा सिलिंडरमध्ये सव्वातीनशे लिटरच्या आसपास हवा उरलेली असते, म्हणजे धडपडणाऱ्या माणसाला तीन-चार मिनिटं.

आमच्या काळात शिकवायचे, शिट्टी वाजली की निघा. मी शिकवतो, शिट्टी वाजेल तेव्हा तू दाराबाहेर उभा असला पाहिजेस. हिशेब साधा आहे. आत शिरताना गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, २९० बारवर. कामाच्या जागी पोचलास तेव्हा २३०. म्हणजे जायला ६० लागले. परतायला तेवढेच धर, वर शिट्टीचे ५५ राखीव. झाले ११५. तर १२० ला पाठ फिरवायची, समोर काहीही असो. आत गेलेल्या दोघांपैकी ज्याचा दाब आधी खाली येईल त्याच्या गेजवर दोघांनी निघायचं. एकट्याने आत राहायचं नाही, एकट्याला बाहेर पाठवायचं नाही. आणि दाराशी एकजण पाटी घेऊन उभा हवा : कोण आत गेलं, किती वाजता, किती दाबाने. अनेक ठिकाणी माणसं कमी म्हणून ही पाटी धरणारा सगळ्यात आधी गळतो. तुझ्या केंद्रात तसं असेल तर निदान यंत्रचालकाला सांगून आत जा. तो पंपापाशी उभाच असतो.

धुराच्या खोलीत तुला पहिल्यांदा सोडतील तेव्हा स्वतःचा हातही दिसणार नाही. एक हात भिंतीला, आणि ती भिंत सोडायची नाही. डाव्या हाताने आत गेलास तर परत फिरताना तीच भिंत उजव्या हाताला येते. पुढे चाचपडायचं ते हाताच्या मागच्या बाजूने. कारण लोंबकळणारी वायर जिवंत असली आणि तळहात लागला तर स्नायू आखडून मूठ बंद होते आणि हात सुटत नाही. मागची बाजू लागली तर हात आपसूक आत ओढला जातो. पाय उचलून टाकायचा नाही, घासत पुढे न्यायचा. अंगाचा भार मागच्या पायावर. पुढे जमीन आहे हे कळल्यावरच भार पुढे. खाली वाकून राहा. बंद खोलीतल्या आगीत छताजवळचं तापमान ५००-६०० अंश सेल्सिअसवर गेलं की खोलीतलं सगळंच एकदम पेट घेऊ शकतं, तेव्हा छताखाली ज्वाळांच्या जिभा पळताना दिसल्या तर तो इशारा समज. आणि अशा खोलीत पाण्याचा भडिमार करायचा नाही. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा घेते, आणि ती तुझ्याच अंगावर येते. थोडं मारायचं, थांबायचं, बघायचं.

आता तुझा दुसरा प्रश्न, सीनियर रगडतात का. याचं उत्तर मी एका प्रसंगाने देतो. गाव आणि केंद्र सांगत नाही.

नोकरीला दोन-अडीच वर्षं झाली होती. एका गोदामाची वर्दी आली. कॉलला आमच्यात वर्दी म्हणतात, तो शब्द तुला पहिल्याच दिवशी कानावर येईल. वरच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी, प्रचंड धूर, ज्वाळा कमी. आमच्यातला एक मुलगा आत गेला होता. त्याची शिट्टी वाजली, तो जोडीदाराला खुणावून बाहेर आला. अगदी शिकवल्याप्रमाणे. संध्याकाळी केंद्रात चहाच्या वेळी एका जुन्या माणसाने सगळ्यांसमोर म्हटलं, “याच्या शिट्टीला घाबरून आग नाही विझायची रे, हाच विझतो.” सगळे हसले. त्या हसण्यात मीही होतो.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या आगीत त्याची शिट्टी वाजली आणि तो आतच थांबला. किती वेळ थांबला, त्यालाही सांगता आलं नाही. जिन्याच्या वळणावर मास्क ओढून काढलेल्या अवस्थेत सापडला. आम्ही दोघांनी खाली आणला. तीन दिवस रुग्णालयात होता. वाचला. आज तो चांगला अधिकारी आहे आणि आम्ही भेटतो. पण पहिल्या आगीनंतर चहा पिताना मी हसलो नसतो, एक वाक्य जरी बोललो असतो, की अरे, त्याने बरोबर केलं, तर तो त्या जिन्यात सापडला नसता. हे माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

तेव्हा रगडण्याचे दोन प्रकार आहेत, ते वेगळे ओळखायला शीक. अकरा वेळा होज गुंडाळायला लावणं, पहाटे हजेरीला गाडीचे सगळे कप्पे उघडून एकेक सामान मोजायला लावणं, पितळेच्या ब्रांच घासायला लावणं, हे जाचक वाटलं तरी तुझ्या भल्याचं आहे. ब्रांच घासताना नॉझलला गेलेला तडा, झिजलेला वॉशर हाताला लागतो. गाडीतली प्रत्येक वस्तू अंधारात हात घातला की सापडली पाहिजे. तांडेल किंवा प्रमुख अग्निशामक यात कडक असेल तर त्याच्या मागे मागे राहा. असा माणूस मिळणं नशीब असतं. दुसरा प्रकार म्हणजे माणसाला खाली दाखवणं : कोणी थांबला म्हणून, कोणी प्रश्न विचारला म्हणून, कोणाला उलटी झाली म्हणून, कोणाच्या जातीवरून, बॅचमध्ये मुलगी आहे म्हणून. हे प्रशिक्षण नव्हे. याने माणसं गप्प होतात, आणि धुरात गप्प माणूस धोकादायक असतो. साहेब, छताला तडा दिसतोय, एवढं एक वाक्य सगळ्यात कनिष्ठ मुलाला बेधडक बोलता आलं पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर वाद कधीच संपायला हवा होता. नागपूरच्या महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर २००२ साली पहिली विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या, त्याला दोन दशकं उलटून गेली. सरावाच्या ५० किलोच्या मानवाकृतीला आपल्याला कोणी उचललं हे कळत नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला तू संचलनात उभा राहशील. अग्निशमन सेवा दिन. कारण बहुतेकांना माहीत असतं : १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले. पण तो दिवस नुसता मानवंदना देऊन संपवू नकोस, त्याची घडी उलगडून वाच. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. आग दुपारी दोनच्या सुमारास दिसली. पहिला मोठा स्फोट चार वाजून गेल्यावर झाला. मधले दोन तास जवान आत पाणी मारत राहिले, शेकडो टन पाणी. जहाज जागीच बुडवायचं की बाहेर समुद्रात न्यायचं, हे ठरवायचं कोणी, याचाच निकाल लागला नाही. त्या जवानांच्या शौर्यात तसूभरही कमी नव्हती. निर्णय आला नाही. मी वर्गात हा प्रसंग सांगतो तेव्हा मुलांना एकच विचारतो, त्या धक्क्यावर सगळ्यांना मागे घ्या असं म्हणायचा अधिकार कोणाकडे होता? वर्ग शांत होतो.

आणि ९ मे २०१५. काळबादेवीतल्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीची आग, इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्याच दिवशी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढे उपचार चालू असताना प्राण सोडले. प्रमुख अधिकारी स्वतः आगीच्या तोंडाशी होता, ही आपल्या दलांची रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. आपल्याकडे साहेब गाडीत बसून हुकूम सोडत नाहीत. पण त्या दिवसानंतर मी माझ्या शिकवण्यात एक गोष्ट पक्की केली. मोठ्या आगीत एक जाणता माणूस असा हवा, ज्याच्या हातात काहीच नाही. होज नाही, शिडी नाही. तो फक्त इमारतीकडे बघतो : भिंत फुगतेय का, तडे रुंदावतायत का, लाकूड करकरतंय का, दारं चौकटीत अडकायला लागली का. आणि तो म्हणाला बाहेर, की सगळे बाहेर. त्याच्याशी वाद घालायचा तो रस्त्यावर आल्यावर.

रोजचं काम मात्र एवढं भव्य नसतं, हेही सांगतो, नाहीतर वर्षभरात तुझा हिरमोड होईल. मांज्यात अडकलेली घार, पावसाळ्यातली झाडपडी, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, लिफ्टमध्ये अडकलेल्या आजी. स्वयंपाकाच्या गॅसच्या वर्द्या येतात. तिथे एक लक्षात ठेव : सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत जळत असेल आणि गॅस बंद करण्याची सोय नसेल तर ज्योत विझवायची घाई करू नको. विझली तरी गॅस येतच राहतो, हवेपेक्षा जड असल्याने खाली पसरतो, आणि मग एका ठिणगीत अख्खी खोली जाते. सिलिंडरवर पाणी मारून तो थंड ठेव आणि आधी माणसं काढ. विहिरी आणि ड्रेनेजचे चेंबर हा आणखी एक प्रकार. तू गावाकडचा आहेस, तुला माहीत असेल : एकजण आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्या मागे शेजारी. खाली श्वास घेण्याजोगी हवाच नसते. तू पोचशील तेव्हा वर सगळं गाव ओरडत असेल, “अहो, उतरा की!” तेव्हा बी.ए. सेट चढवायला, दोर बांधायला जी दोन मिनिटं लागतात ती घ्यायची. शिव्या खायच्या, पण घ्यायची.

एक नवी सवय लावून घे, ती आमच्या पिढीला नव्हती. आम्ही काजळीने माखलेल्या अंगानेच वडापाव खायचो, तोच सूट गाडीत, तोच खोलीत. काळा पडलेला सूट म्हणजे अनुभवी माणूस, असं समजायचो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम कर्करोगकारक ठरवलं आहे, तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात. आग विझल्यावर धुमसणाऱ्या ढिगाऱ्यात उभा असतानाही मास्क काढू नको. खाण्याआधी मान, हात, मनगटं साबणाने धू. सूट घरी नेऊ नको. कोणी नावं ठेवली तर ठेवू दे.

आता भीती. माझी गेली नाही. २९ व्या वर्षीसुद्धा गाडी वळणावर आली आणि धूर दिसला की तोंड कोरडं पडायचं. फरक एवढाच पडतो की भीती वाटत असताना हात काम करत राहतात, कारण त्यांना ते हजार वेळा शिकवलेलं असतं. भीतीचा खरा धोका श्वासात असतो. घाबरलेला मुलगा भराभर हवा ओढतो, मास्कमधून पुरत नाही असं वाटतं, आणि तो मास्क उपटून काढतो. धुराच्या खोलीत तुला तसं वाटलं तर जागेवर गुडघा टेकव, श्वास सोडताना लांबव, आणि जोडीदाराला मोठ्याने आपला गेज सांग. आकडा बोलला की डोकं ताळ्यावर येतं. माझ्यावर शेकडो वेळा लागू पडलेला उपाय आहे हा.

नंतरची एक भीती असते, तिच्याबद्दल कोर्समध्ये कोणी फारसं बोलत नाही. एकदा गॅसच्या भडक्याची वर्दी होती. घरातल्या तिघांना आधीच रुग्णालयात नेलं होतं. स्वयंपाकघर काळंठिक्कर. मी कट्ट्यावरचा कुकर बाजूला घ्यायला उचलला, झाकण निघालं, आणि आत पांढराशुभ्र भात. मोकळा, व्यवस्थित शिजलेला. त्यानंतर कित्येक दिवस मला घरी भात खाता येईना. बायकोने विचारलं तर पोट बरं नाही म्हणायचो. शेवटी एका रात्री तिला सगळं सांगितलं. तिने काही समजूत घातली नाही, ऐकून घेतलं, आणि आठवडाभर घरात भाकरीच केली. तुलाही असं काहीतरी दिसेल, कधीतरी, आणि ते नेमकं काय असेल हे आधी सांगता येत नाही. केंद्रात ज्याच्याशी बोलता येईल असा एक माणूस शोधून ठेव. झोप जात असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आईला वरची सगळी हकिकत वाचून दाखवू नको. पण गेजचा हिशेब तिला समजावून सांग, कागदावर मांडून : २९०, २३०, १२०. माझ्या आईला मी तो सांगितला होता. तिला बार म्हणजे काय ते कळलं नाही, पण पुढे दर सुट्टीला ती विचारायची, “एकशेवीसला फिरतोस ना?”

राहिलेल्या महिन्यात पळणं चालू ठेव, पोहता येत नसेल तर आजच सुरुवात कर. आणि दुकानातून दोन मीटर जाड सुती दोर आण. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी शिकून घे, मग डोळे बंद करून बांध, मग हात पाठीमागे घेऊन बांध. जमायला लागलं की ओले हातमोजे घालून बांधून बघ.